डावा हात काय करतो

टेनिसमध्ये उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॅकहँड कसा आहे हे कळायचे असेल, तर त्याच्या डाव्या हाताकडे बघावे. एरवी सगळ्यांचे डोळे रॅकेटवर असतात. चेंडू किती वेगाने गेला, रेषेच्या किती आत पडला, समोरचा कसा जागच्या जागी राहिला, हे सगळे आपण बघतो आणि टाळ्या वाजवतो. पण रॅकेट चेंडूला लागते तेव्हा निम्मे काम उरकलेले असते, आणि ते डाव्या हाताने केलेले असते. त्याची बोटे रॅकेटच्या गळ्याशी असतात. तीच रॅकेट मागे नेतात, उजव्या हाताला पकड बदलायला उसंत देतात, आणि ओढता ओढता खांदा असा वळवतात की प्रतिस्पर्ध्याला जवळजवळ पाठच दिसावी. मग एका हाताने मारणारा असेल तर ऐन वेळी तो हात रॅकेट सोडतो आणि उलट दिशेला, मागे जातो. दोन हातांनी मारणारा असेल तर सोडत नाही. तिथून पुढची सूत्रे तोच हाती घेतो. डावखुऱ्याच्या बाबतीत हे सगळे अर्थात उजव्या हाताला लागू.

नव्वद वर्षांतले बॅकहँड शेजारी शेजारी ठेवायचे तर मला ही एवढीच खूण पुरते. कोणाचा बॅकहँड श्रेष्ठ, या वादात मी फार रमत नाही. लाकडी रॅकेटने हिरवळीवर गुडघ्याखालचा चेंडू मारणारा आणि पॉलिएस्टरच्या स्ट्रिंगने लाल मातीवर खांद्याएवढा उसळलेला चेंडू मारणारा, या दोघांपुढचे प्रश्नच निराळे होते. समोर आलेल्या चेंडूला कोणी काय उत्तर दिले आणि त्यात दुसऱ्या हाताने काय केले, ते बघण्यात खरा आनंद आहे.

दादरा-नगर हवेलीतल्या आमच्या सुरंगीत आम्हाला टेनिस भेटते ते टीव्हीवर, आणि टीव्ही ते वरून आणि दुरून दाखवतो. वरून बघितले की कोर्टाची भूमिती छान कळते, पण शरीर कळत नाही. पुण्याला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात बाजूच्या स्टँडमध्ये बसल्यावर पहिल्यांदा मला दोन हात वेगवेगळे दिसले. वापीहून मुंबई आणि मुंबईहून पुणे हा प्रवास त्यासाठी करावा, असे मी टेनिस आवडणाऱ्या कोणालाही सांगेन. वर्षानुवर्षे चेन्नईत होणारी एटीपी स्पर्धा २०१८ साली 'महाराष्ट्र ओपन' होऊन पुण्यात आली आणि २०२३ पर्यंत तिथे राहिली. चेन्नईकरांनी स्टॅन वावरिंकाला २०११, २०१४, २०१५ आणि २०१६ अशा चार वेळा जिंकताना पाहिले, म्हणजे या काळातला सर्वांत दणकट एकहाती बॅकहँड त्यांच्या अंगणात वाढला. आमच्या वाट्याला जानेवारी २०१९ मध्ये स्टीव्ह डार्सिस आणि इव्हो कार्लोविच आले. कोणाला हा सौदा तोट्याचा वाटेल. मला वाटत नाही.

डार्सिस हा बेल्जियमचा. २०१३ साली विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत त्याने राफेल नदालला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवले होते, आणि त्याचे मुख्य हत्यार होते बॅकहँडचा स्लाइस, म्हणजे चेंडूला उलटी फिरक देणारा कापीव फटका. पुण्यात तो दीर्घ दुखापतीनंतर परतला होता आणि उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याचा स्लाइस जवळून बघताना लक्षात येते की रॅकेट खांद्याच्या वर असते, डावा हात तिच्या गळ्याशी अगदी शेवटपर्यंत टिकून राहतो, आणि सुटतो तेव्हा घाईने नव्हे तर हळूच मागे सरकतो. तो हात मागे गेला नाही तर छाती उघडते, छाती उघडली की रॅकेट आडवी जाते, आणि चेंडू जाळीवरून तरंगत समोरच्याच्या ताटात पडतो. डार्सिसचा चेंडू तरंगत नव्हता. तो जाळीला लागेल की काय असे वाटत पलीकडे जायचा आणि टप्पा पडल्यावर उठायचाच नाही.

उपांत्य फेरीत त्याला हरवले कार्लोविचने. दोन मीटर अकरा सेंटिमीटर उंचीचा हा क्रोएशियन, सर्व्हिसचा राजा. त्याचा बॅकहँडही स्लाइसच, पण डार्सिसच्या स्लाइसशी त्याचे नाते नावापुरते. कार्लोविच स्लाइस मारायचा तो स्वतःला वेळ मिळावा म्हणून. चेंडू हळू जावा, तोवर आपण नेटजवळ पोहोचावे. त्याचा डावा हात रॅकेटवरून लवकर सुटायचा, कारण पाय आधीच पुढे निघालेले असत. सौंदर्य शोधू गेले तर हाती फारसे लागणार नाही, पण स्वतःच्या देहाची इतकी नेमकी जाण असलेला फटका मला मनापासून आवडतो. एवढ्या उंच माणसाने खाली वाकून टॉपस्पिन काढत बसण्यात काही अर्थ नव्हता, आणि हे त्याला ठाऊक होते.

५ जानेवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात केविन अँडरसनने त्याला ७-६, ६-७, ७-६ असे हरवले. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले. कार्लोविच तेव्हा चाळिशीला दोन महिने कमी होता, आणि १९७७ नंतर एटीपी स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. १९७७ साली हाँगकाँगला अंतिम फेरी गाठणारा आणि जिंकणारा त्रेचाळीस वर्षांचा खेळाडू होता केन रोजवॉल. त्या संध्याकाळी बालेवाडीत रोजवॉलचे नाव निघाले, आणि बॅकहँडची आवड असणाऱ्याला दुसरे काय हवे असते? कार्लोविचपेक्षा जवळजवळ हातभर बुटका हा ऑस्ट्रेलियन, आणि स्लाइस बॅकहँडचा विषय निघाला की अजूनही पहिले नाव त्याचेच.

रोजवॉल जन्माने डावखुरा. वडिलांनी त्याला उजव्या हाताने खेळायला शिकवले. याचा परिणाम असा झाला की त्याची सर्व्हिस आयुष्यभर बेताची राहिली आणि बॅकहँड मात्र जगावेगळा झाला. मला याचा अर्थ असा लागतो की त्याचा मूळचा शहाणा हात नेहमी रॅकेटच्या गळ्याशी असायचा. जुन्या चित्रफितींत पाहा: चेंडू यायच्या कितीतरी आधी रॅकेट वर, डावा हात तिला पेलून धरलेला, उजवा हात जणू नुसता सोबतीला. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला भाताची कापणी चालते तेव्हा विळा चालवणाऱ्याचा उजवा हात सगळ्यांना दिसतो, पण धाटांची मूठ डाव्या हाताने घट्ट धरलेली नसेल तर विळा नुसता घसरतो, कापत नाही. रोजवॉलचा डावा हात तसा होता. त्याने खांद्याला जागच्या जागी धरून ठेवले म्हणून उजव्याला चेंडूच्या मागून आणि खालून एकाच वेळी जाता आले. इतरांचे स्लाइस खालून खरवडत जात, चेंडूला उलटी फिरक देत आणि वेग मारून टाकत. रोजवॉलचा स्लाइस सपाट फटक्याला लागून होता. त्यात वेग होता, नेम होता, आणि टप्प्यानंतरची घसरण होती.

१९५४ च्या जुलैत तो एकोणीस वर्षांचा असताना विम्बल्डनचा अंतिम सामना यारोस्लाव्ह द्रोब्नीकडून हरला. त्याच महिन्याच्या अखेरीला आमच्या दादरा-नगर हवेलीत मुक्तिसंग्राम पेटला होता. सुधीर फडके, राजा वाकणकर ही मंडळी इथे उतरली होती आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. इथला माणूस १९५४ म्हटले की तेच आठवतो, म्हणून रोजवॉलच्या कारकिर्दीचा पल्ला मला नेहमी असा मोजावासा वाटतो: सिल्वासा मुक्त झाले त्या वर्षी विम्बल्डनची अंतिम फेरी खेळलेला माणूस वीस वर्षांनी, १९७४ साली, पुन्हा विम्बल्डनच्या अंतिम फेरीत उभा होता.

त्याचा एकच क्षण निवडायचा तर मी मे १९७२ मधला डॅलसचा निवडेन. वर्ल्ड चॅम्पियनशिप टेनिसचा अंतिम सामना, समोर रॉड लेव्हर, पाचवा सेट, टायब्रेक. लेव्हर ५-४ ने पुढे आणि पुढच्या दोन्ही सर्व्हिस त्याच्याच. सामना तिथे संपायला हवा होता. रोजवॉलने त्या दोन्ही सर्व्हिस बॅकहँडने अशा परतवल्या की लेव्हरला रॅकेट नीट लावता आली नाही. ५-४ चे ५-६ झाले आणि पुढच्या गुणावर सामना रोजवॉलचा. डावखुऱ्याची सर्व्हिस उजव्या खेळाडूच्या बॅकहँडकडून बाहेर पळते; जगातले बहुतेक उजवे तिच्यापायी हैराण असतात. सदतीस वर्षांच्या माणसाने पाच सेटच्या शेवटी, थकलेल्या पायांनी, तीच सर्व्हिस दोनदा मान खाली घालून परत पाठवावी, यात नुसते धैर्य नाही. रॅकेट मागे नेण्याची ती छोटी, कमी हालचालीची पद्धत असल्याशिवाय तेवढा वेळच मिळत नाही.

रोजवॉलच्या आधीचा मोठा बॅकहँड डॉन बजचा. कॅलिफोर्नियाचा हा तांबड्या केसांचा उंच मुलगा १९३८ साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा पहिला खेळाडू झाला. त्याच्या काळी बॅकहँड म्हणजे बचाव, चेंडू कसाबसा पलीकडे टाकून फोरहँडची वाट बघायची. बजने बॅकहँडने मारायला सुरुवात केली. कारण साधे होते: लहानपणी तो बेसबॉल खेळायचा आणि बॅट डावखुऱ्यासारखी फिरवायचा. डाव्या खांद्यावरून उजवीकडे येणारा झोका त्याच्या अंगात टेनिसच्या आधीपासूनच होता. त्याच्या फटक्यात डाव्या हाताची सुटका लवकर होते, पण त्याआधीचे वळण बेसबॉलचे, दोन्ही हातांचे. एकहाती बॅकहँडचा पहिला महारथी तो दोन हातांनी शिकला होता, असे म्हटले तर फारसे चूक नाही. लाकडी, जड रॅकेट आणि जेमतेम ६५ चौरस इंचांचे तोंड. त्यातून त्याने १९३७ च्या डेव्हिस कपमध्ये गॉटफ्रीड फॉन क्रामला दोन सेटची पिछाडी भरून काढत हरवले, तो सामना जाणकार आजही काढतात.

इथे एका मराठी सवयीबद्दल बोलायला हवे. आपल्याकडे बॅकहँडची स्तुती करताना मनगटाचे फार कौतुक होते. ही नजर बॅडमिंटनने घडवलेली आहे, आणि ती घडवणारा माणूसही तितकाच मोठा आहे. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिसच खेळायचे. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णनकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५६ साली परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. त्यांच्या खेळातली नजाकत ज्यांनी पाहिली त्यांच्या पिढीला फटका म्हणजे मनगट हेच समीकरण बरोबर वाटले तर नवल नाही. शटलकॉकला वजन नसते, तिथे अंगठा आणि मनगट पुरते. टेनिसचा चेंडू जवळपास अठ्ठावन्न ग्रॅमचा, आणि तो वेगाने अंगावर येतो. बॅकहँडला मनगट सैल सोडले तर रॅकेट हातात फिरते. टेनिसचा बॅकहँड खांद्यातून निघतो आणि मनगट फक्त निरोप पोहोचवते. नंदू नाटेकरांचे चिरंजीव गौरव मात्र टेनिसकडेच गेले, आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई खेळांत लिअँडर पेसबरोबर त्यांनी दुहेरीचे सुवर्ण जिंकले. मूळच्या गोव्याच्या लिअँडरचा एकहाती बॅकहँड मारण्यासाठी नव्हता, चेंडू बोथट करून नेटकडे धाव घेण्यासाठी होता. त्याच्या नेटजवळच्या हातांची चपळाई जगाने मानली, आणि बेसलाइनवरून बॅकहँडने गुण मिळवायचे काम त्याने कधी फारसे अंगावर घेतले नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकाला त्यामुळे काही कमी पडले नाही.

आता दोन हातांचा बॅकहँड. तो सत्तरच्या दशकात जन्मला अशी समजूत आहे, पण ऑस्ट्रेलियाचे व्हिव्हियन मॅकग्रा आणि जॉन ब्रॉमविच तीसच्या दशकातच दोन्ही हात लावत होते. फक्त त्यांच्याकडे लोक विक्षिप्त म्हणून बघत. ख्रिस एव्हर्टच्या वडिलांना, जे स्वतः प्रशिक्षक होते, मुलीचा दोन हातांचा बॅकहँड फारसा पसंत नव्हता. ती लहान होती, एका हाताने रॅकेट पेलवत नव्हती म्हणून तिने दुसरा लावला. मोठी झाली की सोडेल, असे त्यांना वाटे. तिने सोडला नाही, आणि एकेरीच्या अठरा ग्रँड स्लॅम जिंकल्या. त्याच सुमाराला जिमी कॉनर्स आणि ब्यॉर्न बोर्ग आले, आणि हा फटका विक्षिप्त राहिला नाही. सगळ्यांना दिसणारी कृती एकच, पण या तिघांचे दुसरे हात तीन तऱ्हेचे आहेत. एव्हर्टचे दोन्ही हात शेवटपर्यंत बरोबर जातात, कोण पुढे कोण मागे सांगता येत नाही. डावखुऱ्या कॉनर्सचा उजवा हात चेंडूला सपाट, पुढे ढकलतो. फिरक जवळपास नाही, नुसता वेग. आणि बोर्गचा डावा हात फटका लागल्याबरोबर सुटतो. लहानपणी आइस हॉकी खेळलेल्या या मुलाचा फटका मधल्या क्षणी दोन हातांचा आणि शेवटी एका हाताचा होता. मला तिघांत बोर्गचा सर्वांत जास्त मोहात पाडतो, कारण त्यात दोन युगे एकाच हालचालीत भेटलेली दिसतात.

बोर्गच्या प्रशिक्षकांपैकी एक पर्सी रोसबर्ग. बोर्गने दोन हात सोडले नाहीत ते बरेच झाले, हे कळून चुकल्यानंतरही याच रोसबर्गनी पुढे स्टेफान एडबर्गला सल्ला दिला की दुसरा हात सोड. एडबर्ग लहानपणी दोन हातांनीच मारायचा. माणूस एकच, देश एकच, आणि दोन मुलांना दोन उत्तरे. याला मी खरे प्रशिक्षण म्हणतो. एडबर्गला नेटकडे जायचे होते, त्याला पोहोच हवी होती आणि व्हॉली हवी होती. त्याच्या बॅकहँडच्या शेवटी उजवा हात पुढे आणि डावा मागे असे दोन्ही बाजूंना पसरतात, आणि त्या पसरण्यानेच तो पुढच्या पावलाला तोल देतो. सॅम्प्रसनेही चौदाव्या वर्षी दोन हात सोडून एक धरला, विम्बल्डनच्या हिरवळीवर नजर ठेवून. त्याचा बॅकहँड मला कधी फार आवडला नाही. कामाचा होता, पण त्याच्या सर्व्हिसपुढे तो नेहमी धाकटा वाटायचा.

१९९७ साली पॅरिसला एक लुकडा, कुरळ्या केसांचा ब्राझिलियन आला. जागतिक क्रमवारीत सहासष्टावा. गुस्ताव्हो कुएर्तेनच्या रॅकेटला पॉलिएस्टरची नवी स्ट्रिंग होती. जुन्या आतड्याच्या गटिंगपेक्षा ही कडक. जोरात मारले तरी चेंडू लांब जात नाही, उलट फिरक घेऊन खाली उतरतो. आधीच्या एकहाती खेळाडूंना लाल मातीवर खांद्याएवढा उसळलेला चेंडू नको असे. कुएर्तेनने पकड एवढी फिरवली की तळहात जवळपास रॅकेटच्या वर आला, आणि खांद्याएवढा चेंडू त्याला सोयीचा झाला. त्याच्या डाव्या हाताकडे बघा: रॅकेट मागे नेताना कोपर उंच, आणि फटक्याच्या क्षणी डावा हात इतका मागे आणि खाली जातो की सगळी छाती ताणलेली दिसते. तो तीनदा तिथे जिंकला. जुस्टिन एनँ तर त्याच्यापेक्षा पुष्कळच ठेंगणी, एक मीटर सदुसष्ट सेंटिमीटरची. चार वेळा पॅरिस जिंकताना तिने उंच चेंडूला जे उत्तर दिले ते मला कुएर्तेनहूनही शहाणे वाटते. ती चेंडू वर येऊच देत नसे. टप्प्यानंतर वर येतानाच गाठायची, आणि त्यासाठी तिच्या डाव्या हाताने रॅकेट इतक्या लवकर मागे नेलेली असे की समोरचीने फटका मारायच्या आतच तिचे खांदे वळलेले दिसत. माझ्या मते आजवरचा सर्वांत पूर्ण बॅकहँड तिचा. स्लाइस, टॉपस्पिन, सपाट, आखूड, लांब. काय नव्हते त्यात?

फेडररचा बॅकहँड अपूर्ण होता, म्हणून त्याची कथा सर्वांत जास्त गुंतवते. २००८ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये ७-८ वर, नदालच्या मॅच पॉइंटवर, त्याने बॅकहँडने रेषेलगत जो पासिंग शॉट मारला, तो टेनिसमधल्या सर्वांत सुंदर फटक्यांपैकी एक. तरी सामना हरला. आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन वाजले होते. सामन्यांमागून सामने नदालने एकच गोष्ट केली: डावखुऱ्या फोरहँडची प्रचंड फिरक घेतलेला चेंडू फेडररच्या बॅकहँडकडे उंच टाकायचा. आणि नदालचा दुसरा हात? तो मुळात उजव्या हाताने लिहिणारा माणूस. त्याच्या दोनहाती बॅकहँडमध्ये पुढे ढकलणारा उजवा हात हा त्याचा खरा सराईत हात होता. म्हणजे फेडररसमोर असा माणूस होता ज्याच्या दोन्ही बाजू बळकट होत्या.

२०१४ पासून फेडररने रॅकेटचे तोंड ९० चौरस इंचांवरून ९७ केले. २०१६ पासून इव्हान ल्युबिचिच त्याच्याबरोबर होता, जो स्वतः एकहाती बॅकहँडवाला. २९ जानेवारी २०१७ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये नदाल ३-१ ने पुढे असताना जे घडले ते तोपर्यंत आम्ही कधी बघितले नव्हते. फेडरर स्लाइस सोडून बॅकहँडने सरळ मारू लागला, बेसलाइनच्या आत उभा राहून, चेंडू छातीच्या वर जायच्या आत. सलग पाच गेम घेतले, ६-३. त्याच्या डाव्या हाताची हालचाल आधीपेक्षा आखूड झाली होती. रॅकेट कमी मागे जायची, पण हात सुटताना खांद्याला जो मागचा झटका द्यायचा तो तसाच होता. पस्तीस वर्षांच्या माणसाने आपल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यापुढे आपला सर्वांत दुबळा फटका नव्याने उभा केला. या सामन्यातल्या बॅकहँडपुढे मी विम्बल्डनचे कितीतरी सुंदर फटके कमी लेखतो.

वावरिंकाबद्दल थोडेच सांगावेसे वाटते, कारण त्याचा बॅकहँड लपवत काहीच नाही. डाव्या हाताने रॅकेट डोक्याएवढी उंच नेतो, पाठ दाखवतो, आणि सरळ हाताने सगळे वजन सोडतो. २०१५ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने जोकोविचला ४-६, ६-४, ६-३, ६-४ असे हरवले, आणि शेवटचा गुणही बॅकहँडने, रेषेलगत, घेतला. समोर जगातला सर्वोत्तम दोनहाती बॅकहँड होता आणि तो अनेकदा जागेवरून हललाही नाही.

पण जोकोविचचा फटका फक्त पराभवात आठवला तर अन्याय होईल. त्याच्या बॅकहँडमध्ये उजवा हात खालून दिशा देतो आणि खरा फटका डावा हात मारतो. डावखुऱ्याचा फोरहँडच तो, उजव्या माणसाच्या अंगात बसवलेला. सिमेंटच्या कोर्टावर पाय फाकवून घसरत, शरीर बाहेर झुकलेले असताना, त्याचे दोन्ही हात चेंडूपाशी शांत पोहोचतात. आणि तिथून चेंडू रेषेच्या आत खोलवर पडतो. आंद्रे अगासीने सर्व्हिस परतवण्याचा जो पाठ घालून दिला, तो जोकोविचने जगाच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ताणला. दोनहाती फटक्यात सौंदर्य नसते म्हणणाऱ्यांनी त्याचे हात एकदा संथ गतीने पाहावेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एटीपीची क्रमवारी लागली तेव्हा पहिल्या दहांत एकही एकहाती बॅकहँड नव्हता. १९७३ साली ही क्रमवारी सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडले. पुढे लोरेन्झो मुसेटी पहिल्या दहांत आला, त्यामुळे काहींच्या जिवात जीव आला. मला त्या बातमीचे एवढे दुःख झाले नाही. चेंडू वेगवान झाला, सर्व्हिस वेगवान झाली, कोर्टांची उसळी एकसारखी झाली. लहान मुलांना दोन्ही हात लावायला शिकवणारे चुकीचे नाहीत. दुःख होते ते स्लाइस विसरला जातो याचे. दोनहाती खेळाडूलाही स्लाइस एका हातानेच मारावा लागतो, आणि तो मारताना त्याचा डावा हात कुठे जावे हे न कळून लोंबकळतो.

म्हणून जर्मनीच्या तातियाना मारियाकडे मी मोठ्या आस्थेने बघतो. कारकिर्दीच्या मध्यापर्यंत ती दोन हातांनी बॅकहँड मारायची. २०१३ च्या अखेरीला पहिली मुलगी झाली, आणि कोर्टावर परतल्यावर तिने दुसरा हात सोडून एकहाती स्लाइस धरला. ज्या वयात माणसे आहे तेच सांभाळायला बघतात, त्या वयात ती फटका नव्याने शिकली. २०२२ साली ती विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेली. जून २०२५ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर अनेक दशकांनी महिलांची स्पर्धा परतली, तेव्हा सदतीस वर्षांची मारिया पात्रता फेरीतून आत आली होती. अंतिम सामन्यात समोर अमांडा अॅनिसिमोव्हा, जिचा दोनहाती बॅकहँड आजच्या महिलांत अव्वल गणला जातो.

१९७४ साली याच शहरात, हिरवळीवरच, विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात कॉनर्सने एकोणचाळीस वर्षांच्या रोजवॉलला ६-१, ६-१, ६-४ असे चिरडले होते, आणि बहुतेकांनी तिथे स्लाइसचा अध्याय मिटला असे धरले. खरे तर त्या दिवशी रोजवॉलची सर्व्हिस आणि त्याचे वय हरले. मारियाने अॅनिसिमोव्हाला ६-३, ६-४ असे हरवले. तिचा चेंडू जाळीवरून बोटभर वरून जायचा आणि हिरवळीवर पडून गुडघ्याच्याही खाली राहायचा. अॅनिसिमोव्हाला दोन्ही हात रॅकेटवर ठेवून एवढे खाली वाकावे लागे की फटक्यात जोर आणायला जागाच उरत नसे. मारिया तोवर पुढच्या स्लाइससाठी उभी असायची, रॅकेट खांद्यावर आणि डावा हात तिच्या गळ्याशी.